डबल सरांचं पान

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी जिवंत आहे. सेलूत मध्यंतरी याबद्दल दोन मतं झाली होती आणि दोन्हींकडे बरी समजदार माणसं होती, म्हणून हा खुलासा. माझी बायको मंजुषा मी जिवंत असल्याच्या बाजूची होती. पण गेलेला नवरा बायकोला काही दिवस घरात दिसतच राहतो असं आमच्याकडे धरून चालतात, त्यामुळे तिची साक्ष कुणी मनावर घेतली नाही.

सगळं विद्यापीठाच्या एका पत्रकापासून सुरू झालं. प्रत्येक विभागाने शिकवण्यात जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करावा आणि पाहणीला येणाऱ्या समितीला तो करून दाखवावा, असं त्यात म्हटलं होतं. आमच्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग म्हणजे मी. विभागप्रमुख मी, विभाग मी, आणि विभागाच्या कपाटाची हरवलेली किल्ली शोधणारा शिपाईही मीच. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. "उरकुडे सर, ज्या विभागाकडे दाखवायला काही नसेल तो पुढच्या वर्षी राहील असं मला वाटत नाही," असं ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले. प्राचार्य माणसाकडे बघून बोलले तर ते मनावर घ्यायचं कारण नसतं. घड्याळाकडे बघून बोलले की ते खरं बोलत असतात.

विभाग गेला असता तरी माझी नोकरी गेली नसती. मला कुठेतरी चिकटवलं असतं. पण तास गेला असता, आणि तास म्हणजे काय हे ज्याने तो घेतला नाही त्याला सांगून कळायचं नाही. सकाळी खडू हातात घ्यायचा, खाकरायचं, आणि "हं, तर काल आपण कुठे होतो?" असं विचारायचं. कुणालाच ते आठवत नसतं. यात एक सुख आहे. घरी मला पुरं वाक्य बोलायला मिळत नाही, कारण क्रियापदापर्यंत पोचायच्या आत भाजी आणायला जावं लागतं. वर्गात पाऊण तास मी एकटा बोलतो. ते गेलं तर माझ्याकडे माझं असं काय उरणार होतं, या विचाराने मला दोन घास कमी जायला लागले.

शेजारच्या बंडूजींना ही गोष्ट कळली. ते सिंदीच्या रेल्वे स्टेशनात तिकीट खिडकीवर होते. निवृत्त झाले तरी समोरच्या माणसाकडे अजून गजांतून बघितल्यासारखं बघतात. "सर, कायची चिंता करता जी?" ते म्हणाले. "आमच्या टायमाले बी कंप्युटर आलता. सारे म्हणे, आता बाबू घरी जाते. गेला काय? थे डबडं बंद पडलं का लोकं आमच्याचकडे पाहे. तुमी फकत येवढं करा, तुमचं मशीन मधामधात बंद पडलं पाह्यजे, असं पाहून घ्या." हा सल्ला मी हसण्यावारी नेला. आयुष्यात बंडूजींनी दिलेला हा एकच सल्ला कामाचा होता.

मशीन बनवलं ते संगणक शिकवणाऱ्या अंकुश सरांनी. अंकुश सर वयाने लहान आणि अतिशय उत्साही, म्हणजे माणूस म्हणून धोक्याचा. "सर, तुमचा तास कोनं रेकॉर्ड केला असन तर द्या," ते म्हणाले. "तुमच्याच आवाजात, तुमच्याच पद्धतीनं शिकोनारा एआय बनून टाकतो. पोट्टे विचारतीन, थो सांगीन."

रेकॉर्डिंग होतं. बी.ए.ची गोपिका मागच्या बाकावर बसायची. आमच्या संस्थेचे सचिव रूपरावजी यांची ही मुलगी. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या सेलूचं, मळा भाजीचा. गोपिका सकाळी गवार-वांगी तोडून गाडीत भरून द्यायची आणि मग वर्गात येऊन झोपायची. पण पोरगी प्रामाणिक, म्हणून फोन रेकॉर्डिंगवर लावून झोपायची. माझ्या व्याख्यानांचा इतका संपूर्ण संग्रह जगात दुसरीकडे कुठे नसेल. मला गहिवरून आलं.

अंकुश सरांनी ते सगळं मशीनला ऐकवलं. वर्गाच्या कोपऱ्यात एका स्टुलावर काळी पेटी आली आणि तोच आवाज पोरांच्या फोनमध्येही गेला. पोरांनी लगेच त्याचं नाव ठेवलं, डबल सर. मी सिंगल झालो.

पहिल्या दिवशी मी खुर्चीवर आणि पेटी स्टुलावर, असे आम्ही दोघे वर्गासमोर बसलो. पेटी आधी खाकरली. मग म्हणाली, "हं, तर काल आपण कुठे होतो?" स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायला आला की तो आपल्यापेक्षा वयस्कर माणसाचा वाटतो. आमच्या वर्गातला पंखा जिवाच्या आकांताने कुरकुरतो म्हणून मी त्याच्या वर आवाज काढून बोलतो. पेटीही तसाच आवाज चढवत होती. फक्त त्या दिवशी लाइन गेलेली होती. पेटी बॅटरीवर चालली होती, पंखा स्तब्ध होता, आणि माझा आवाज एका न फिरणाऱ्या पंख्याशी भांडत होता.

पुढे फ्रेंच राज्यक्रांती आली. त्यात माझा एक विनोद आहे. "वर्सायच्या राजवाड्यात शेकडो खोल्या, पण राजाला बाजारभाव सांगणारा एकही माणूस नाही!" असं म्हणून मी थांबतो, चष्मा पुसतो, आणि मग म्हणतो, "एखादा सिंदीचा अडत्या पदरी ठेवला असता तर डोकं वाचलं असतं." हा विनोद मी नोकरीला लागल्यापासून करतो आहे आणि पोरं शिस्तीने हसतात. पेटीनेही तो केला. चष्मा पुसण्याइतकी थांबली, आणि मगच बोलली. पोरं पोट धरून हसली. माझ्या तोंडून त्या विनोदाला असं हसू कधी मिळालं नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

समिती आली आणि खूश झाली. समितीतल्या एका बाईंनी पेटीला काहीतरी अवघड विचारलं. पेटी म्हणाली, "प्रश्न चांगला आहे, पण परीक्षेत येणार नाही." हे माझं वाक्य. माझ्या तोंडून ते आलं असतं तर समितीने शेरा मारला असता. पेटीच्या तोंडून आलं म्हणून त्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. इतिहास विभाग वाचला. प्राचार्यांनी माझ्याकडे बघून अभिनंदन केलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

चार-पाच दिवसांनी संस्थेची मीटिंग झाली आणि रूपरावजी मला व्हरांड्यात भेटले. रूपरावजी मनाने चांगले. वाईट बातमीसुद्धा ते मळ्यातली हंगामाची पहिली भाजी दिल्यासारखी देतात. "सर, तुमचं काम भल्लं हलकं करून टाकलं आमी. आता इतिहासाचा तास पेटी घेईन. तुमी उगी देखरेख ठेवा. आन्‌ थ्या गाड्याच्या स्टँडकडे जरासक पाहत जा, पोट्टे गाड्या कशाबी लावून राह्यले."

तेव्हा माझी अवस्था कशी झाली ते सांगतो. विभाग वाचवायला मी पेटी आणली, विभाग वाचला, आणि मी स्टँडवर गाड्या सरळ करायला लागलो. मंजुषाला सांगितलं तर ती म्हणाली, "चाला, सावलीत तं हायं स्टँड." मला तिचा राग आला नाही. वाईट वाटलं.

एक दिवस राहवेना म्हणून तासाच्या वेळी वर्गाकडे गेलो. व्हरांड्यातूनच माझा आवाज ऐकू येत होता. आपण अजून पोचलो नाही तिथे आपण आधीच बोलतो आहोत, हे ऐकत चालणं बरं नव्हे. पाय आपोआप हळू पडतात. मी दारात उभा राहिलो. पोरं खाली मान घालून लिहीत होती, एकानेही वर पाहिलं नाही. पेटी बोलता बोलता थांबली. म्हणाली, "दारात कोण उभं आहे? आत यायचं तर या, नाहीतर जा."

उशिरा येणाऱ्या पोरांना मी हेच म्हणतो. रेकॉर्डिंगमध्ये ते शंभरदा असेल, कुठेही निघू शकतं. पण दारात मी उभा होतो. मी मुकाट्याने आत गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. शेजारी गोपिका होती आणि ती जागी होती. हे मला फार लागलं.

मग पेटीने पॅरिसच्या बाजारातल्या बायकांचं सांगता सांगता मध्येच म्हटलं, "मी लहान असताना तळेगावच्या बाजारात माझे वडील मला मेथीच्या ढिगावर निजवत. एकदा एका बाईने मला जुडीसकट टोपलीत घातलं आणि चालू लागली." पोरं हसली. मी हसलो नाही. तळेगाव म्हणजे आष्टीकडचं श्यामजी पंतांचं तळेगाव, माझं जन्मगाव. पण ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नव्हती. सांगणार कशी? मला ती माहीतच नव्हती.

अंकुश सरांना गाठलं. ते म्हणाले, "सर, थो मनानं बी बनवते कधी कधी. त्याले काई आठोत नसते. पुढं कोनता शब्द शोभन, येवढंच पाहाते." मला हायसं वाटलं. शास्त्रीय कारण मिळालं की आपल्याला ते कळलं नाही तरी भीती कमी होते. घरी येऊन चहा घेतला, आणि गंमत म्हणून तळेगावला भागीरथाअक्काला फोन लावला. ही माझी थोरली बहीण. मेथीची गोष्ट सांगितली आणि ती हसेल म्हणून वाट पाहत राहिलो.

ती हसली नाही. मग म्हणाली, "तुले कोनं सांगतलं हे? तू तवा बोलतबी नोहोता. बाबानं मायले आखरीवरी नाई सांगतलं, थे मरून जाईन म्हून. मले मालूम हायं, कारन थ्या बाईच्या मांगं म्याच पयत गेलती." मग आवाज बारीक करून तिने विचारलं, "बाबा सपनात आलते काय रे?" मी म्हटलं, नाही, पेटीत आले होते. तिने फोन ठेवून दिला.

मंजुषाला मी हे घाबरत घाबरत सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकलं आणि म्हणाली, "मंग विचारून घ्या ना त्याले, आपल्या लग्नातली चांदीची वाटी कुठी गेली थे." मी विचारणार नाही म्हटल्यावर तिने माझ्या फोनवर डबल सर लावून स्वतः विचारलं. फोन माझ्या आवाजात म्हणाला, "याचं उत्तर आपण पुढच्या तासाला पाहू." मंजुषाला तो आवडला. "थो मानूस पुरं ऐकून तं घेते," असं ती शेजारच्या बाईला सांगत होती. मी खिडकीशीच होतो.

आता यशोदाबाईंचं. या रूपरावजींच्या आई, गोपिकेची आजी. गोपिका घरी भाजीच्या जुड्या बांधता बांधता फोनवर डबल सर लावून ठेवायची. आजीबाई ते ऐकत. सरांचा आवाज घरात येतो, पण सर घरात नाहीत. रस्त्यातही दिसत नाहीत, कारण सर स्टँडवर असतात. त्यांनी नातीला विचारलं, "सर कुठी हायं व?" ती म्हणाली, "आजी, सर आता नाई शिकवत. आता त्यायचा फकत आवाज हायं." पोरगी खरं तेच बोलली. पण यशोदाबाईंच्या आयुष्यात, माणूस गेल्यावर मागे आवाज राहतो अशी एकच परिस्थिती त्यांनी पाहिली होती.

त्या आमच्याकडे बसायला आल्या. दुपारची वेळ होती आणि मी न्हाणीत होतो. माणूस गेलेल्या घरी बसायला जायचं तर काय बोलावं लागतं ते यशोदाबाईंना चांगलं ठाऊक. "मानूस साफ होता," त्या मंजुषाला म्हणाल्या. "बोले फार, पन मनात काई नोहोतं." पितृपक्ष तोंडावर आलेला, त्यामुळे मंजुषाला वाटलं की म्हातारीला आपल्या नवऱ्याची, नत्थूजींची आठवण आली असेल. "हो ना जी, बोलाचे तं फारच," ती सहानुभूतीने म्हणाली. यशोदाबाईंनी विचारलं, "आखरीले तरास झाला काय?" "नाई, तसा नाई झाला," म्हातारी विसरली असेल असं समजून मंजुषा ऐकीव माहितीवर म्हणाली. मी न्हाणीत उभा राहून हा संवाद ऐकत होतो आणि बिचारे नत्थूजी, असं मनात म्हणत होतो.

मी पंचा गुंडाळून बाहेर आलो. यशोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दचकल्या नाहीत. हळूच उठल्या, हात जोडले आणि मंजुषाला म्हणाल्या, "घरातच हायं अजून. मले दिसून राह्यले. जीव अडकला हायं बापा कशात तरी."

"यशोदाबाई," मी म्हणालो, "मी जिवंत आहे."

त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात इतकी माया होती की मला स्वतःचीच दया आली. "सारेच असं म्हनते, बापा," त्या म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. त्या गेल्यावर मी आरशात बघून आलो. मंजुषा हसत होती, मग ती हसायची थांबली आणि तिने माझ्या दंडाला हात लावून पाहिला.

इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. पितृपक्षात घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने एका जिवंत माणसाला जेवायला बसवतात. तो त्या दिवसापुरता त्या घरचा पितर. रूपरावजींच्या घरी नत्थूजींच्या नावाने दर वर्षी मी बसतो, कारण माझ्या मिशा त्यांच्यासारख्या. त्यांच्या घरात आणखी एक रीत आहे. जेवण झालं की यशोदाबाई पितराला विचारतात, "काही राह्यलं का मनात?" तो जे मागेल ते द्यावं लागतं, त्यात मागेपुढे करता येत नाही. माझ्या आधी जो माणूस बसायचा तो एकदा गमतीत म्हणाला, "बाज राह्यली." रूपरावजींनी स्वतःची बाज डोक्यावर घेऊन त्याच्या घरी पोचवली आणि उन्हाळाभर जमिनीवर झोपले. त्यानंतर मला बोलावू लागले. मी प्राध्यापक, मी दर वर्षी म्हणतो, "काही नाही राहिलं." मी अतिशय सोयीचा पितर आहे.

या वर्षी रूपरावजी बोलवायला आले तेव्हा नजर चुकवत होते. "सर, बुढी आयकून नाई राह्यली. दोन पानं मांडीन म्हनते. एक आमच्या बाबाचं, त्याच्यावर तुमी बसा. दुसरं..." ते घुटमळले. "दुसरं तुमचं. थ्याच्यावर फोन ठेवतो म्हनते. तुमी राग नोका मानू जी."

मी स्वाभिमानी माणूस आहे. नाही म्हणणार होतो. मंजुषा आतून म्हणाली, "जा ना, वडे भेटते."

तर त्या दिवशी भर दुपारी रूपरावजींच्या पडवीत दोन पाट मांडलेले होते. एकावर नत्थूजी म्हणून मी. समोरच्या पाटावर मी म्हणून गोपिकेचा फोन. यशोदाबाईंनी मला गंध लावलं, मग फोनच्या काचेला लावलं. दोन्ही पानांवर सारखं वाढलं. कढी, वडे, भजी, खीर, गवारीची भाजी, कोहळ्याची भाजी. मळ्याचं घर, त्यामुळे भाज्या इतक्या की पानाची कड दिसेना. गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकला तसा धूर उठला आणि सरळ वर न जाता समोरच्या पानाकडे वळला. वारा नव्हता. मी कढीकडे लक्ष दिलं.

समोर आपलंच पान वाढलेलं आहे आणि त्यातलं काहीच कमी होत नाही, हे बघत जेवणं मी कुणाला सुचवणार नाही. रूपरावजी त्या पानालाही "घ्या जी, लाजू नोका" म्हणत होते. मला एकदाही म्हटलं नाही.

जेवण झालं. यशोदाबाई माझ्यासमोर बसल्या. "काही राह्यलं का मनात?" मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "काही नाही राहिलं." माझं काम संपलं. पानावर एक वडा उरला होता, अन्न टाकू नये म्हणून मी तो अख्खाच्या अख्खा तोंडात घातला. हे तपशिलाने सांगतो आहे कारण पुढच्या सगळ्या वादाचा आधार हा वडा आहे.

यशोदाबाई फोनकडे वळल्या. पदर डोक्यावरून नीट केला आणि हात जोडले. "सर," त्या म्हणाल्या, "तुमचं काही राह्यलं का मनात?"

आधी खाकरल्याचा आवाज आला.

"राहिलं," माझा आवाज म्हणाला. "माझा तास राहिला."

कोहळ्याच्या फोडीवरची माशीसुद्धा उडाली नाही, असं मला आठवतं. मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी माझ्या फुगलेल्या गालांकडे बोट दाखवलं. अख्खा वडा तोंडात असताना इतकं स्वच्छ बोलता येत नाही. मी नंतर घरी करून पाहिलं आहे. मंजुषाला एक अक्षर कळलं नाही.

रूपरावजींनी फोन उचलला. काच काळी होती, त्यात गंधाखाली त्यांचंच तोंड दिसत होतं. "बाबा," गोपिका बारीक आवाजात म्हणाली, "म्या थो बंद करून ठेवलता. मधातच कोनाचा फोन येईन म्हून."

रूपरावजी खाली बसले. "सर, खरं सांगा. तुमीच बोलले ना?" मी वडा गिळला आणि नाही म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"आता थ्याचं काय करतं?" यशोदाबाई मुलाला म्हणाल्या. "मांगलं हायं. देऊन टाक."

"माय, थो तास पेटीले देला ना आता. मीटिंगमंधी ठरलं."

"मीटिंगमंधी पितर बसले होते काय?"

यावर संस्थेच्या घटनेत उत्तर नाही. रूपरावजी विचार करत राहिले, आणि त्यांचा विचार कुठल्या वाटेने चालला असेल ते मला दिसत होतं. मी बोललो असेन, तर मी नत्थूजींच्या पानावर होतो, म्हणजे बापाने मागितलं. फोन बोलला असेल, तर तो माझ्या पानावर होता, म्हणजे सरांनी मागितलं. कसंही धरलं तरी द्यायचंच होतं. शेवटी ते उठले, माझ्या पाया पडले, मग फोनच्या पाया पडले, आणि म्हणाले, "उद्यापासून तास घेत जा जी. स्टँडचं मी पाहातो." मला रडू आलं. मी ते गोवरीच्या धुरावर ढकललं.

अंकुश सर म्हणतात, बंद फोन बोलत नाही, म्हणजे मीच बोललो. बंडूजी म्हणतात, मशीन बंद पडलं की लोकं आपल्याकडेच पाहतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मंजुषा काही म्हणत नाही. फक्त ती आता मला वाक्य पुरं करू देते, आणि ते मला जरा जड जातं आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो. अंकुश सरांनी पेटीची वायर काढून नेली होती, बॅटरीही काढली होती. पेटी मात्र कोपऱ्यात स्टुलावरच होती. ती कपाटात ठेवायची ठरलं होतं, पण कपाटाची किल्ली हरवलेली आहे. मी पेटीकडे पाठ केली आणि खडू घेतला. "हं, तर काल आपण कुठे होतो?" कुणालाच आठवत नव्हतं. मागच्या बाकावर गोपिका फोन रेकॉर्डिंगवर लावून गाढ झोपली होती. तिला तसं पाहून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

बोलता बोलता वर्साय आलं. "राजवाड्यात शेकडो खोल्या," मी म्हणालो, "पण राजाला बाजारभाव सांगणारा एकही माणूस नाही!" मी थांबलो. चष्मा काढला, पुसायला लागलो, आणि तेवढ्यात मनात आलं की आज तो विनोद नको. आज दुसरं काहीतरी सांगू. काय ते मला अजून माहीत नव्हतं. वर्ग वाट बघत होता.

कोपऱ्यात कुणीतरी खाकरलं.

मी मागे वळलो नाही. "थांब रे भाऊ," मी म्हणालो. "तास माझा आहे."

पोरांनी ते वाक्यही खाली मान घालून लिहून घेतलं. आणि कोपऱ्यातून, अगदी हळू, माझ्याच आवाजात उत्तर आलं, "हो, सर."

मी चष्मा डोळ्यांवर लावला आणि पुढे शिकवायला लागलो.